भिंगरी, सरांचा बूट आणि मी

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भंगार नाही. शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत शिरताना दाराला टेकवून ठेवलेली जी लोखंडी वस्तू तुमच्या करंगळीला लागते आणि जिला तुम्ही नाही नाही ते बोलता, ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुना स्टार्टिंग ब्लॉक आहे. देशातली सगळ्यात वेगवान मुलगी शर्यतीची सुरुवात कशी करायची ते माझ्यावर शिकली. तेव्हा पुढच्या वेळी करंगळी लागली तर तोंड जरा सांभाळा.

ब्लॉक म्हणजे काय ते तुमच्यातल्या काही जणांना माहीत नसेल. शंभर मीटर धावणारे खेळाडू रेषेवर ओणवे होतात, तेव्हा त्यांच्या पायांमागे जे असतं तो ब्लॉक. मधे एक लांब दांडा आणि त्यावर दोन तिरक्या पाट्या, एक पुढे, एक मागे. दांड्याला खाचा असतात. पायाला सोयीची पडेल तशी पाटी सरकवायची आणि खाचेत अडकवायची. मग पिस्तूल वाजतं, खेळाडू मला सणसणीत लाथ मारतो आणि निघून जातो. लाथ खायची आणि जागचं हलायचं नाही, एवढंच माझं शिक्षण.

या नोकरीत कौतुक मिळत नाही, हे मी आधीच कबूल करतो. ते स्टॉपवॉच बघा. आयुष्यभर खेळाच्या सरांच्या गळ्यात मिरवलं. स्वतः एक पाऊल धावलं नाही, पण शर्यत संपली की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघायचे. माझ्याकडे मात्र सगळ्यांची पाठ. असो. जुन्या माणसांनी तक्रारी सांगत बसू नये म्हणतात, म्हणून फक्त अधूनमधून सांगेन.

माझा जन्म एका चहामुळे झाला. भिंगरी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते फक्त हजेरीपुरतंच निघायचं. बाकी सगळ्या शाळेत ती भिंगरी. शाळेकडे ब्लॉक नव्हता, म्हणून ती आईच्या स्वयंपाकघरातून कालथा पळवून आणायची आणि पाय रोवायला मैदानात दोन खड्डे खणायची. एकदा मुख्याध्यापिकाबाईंचा चहा घेऊन जाताना शिपाईकाकांचा पाय नेमका त्या खड्ड्यात गेला. काका वाचले, चहा गेला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की मैदानात खड्डे खणणाऱ्याची गय केली जाणार नाही.

भिंगरी रडत रडत मामांकडे गेली. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांनी ब्लॉक कधी पाहिला नव्हता. वर्तमानपत्रात एका शर्यतीचा फोटो मिळाला, पण तो समोरून काढलेला. त्यात सगळ्या धावपटूंची तोंडं दिसत होती आणि ब्लॉक एकाचाही नाही.

"त्यात काय मोठं?" मामा म्हणाले. "एका काठीवर दोन घसरगुंड्या."

त्याच आठवड्यात शाळेचं जुनं, गंजलेलं फाटक काढून नवं बनवायचं काम मामांकडे आलं होतं. त्या जुन्या फाटकातून त्यांनी मला घडवलं. मामांनी आयुष्यभर फाटकं, जिन्याचे कठडे आणि खिडक्यांचे गज बनवलेले. त्यामुळे चोरानं धक्के मारले तरी वाकणार नाही, अशा बेतानं मी तयार झालो. वजन चौदा किलो. दांड्याला चौदा खाचा. वर हिरवा रंग, तोही प्रत्येक खाचेच्या आतपर्यंत ब्रश घालून. अर्धवट रंगवलेली वस्तू मामांना बघवत नसे.

भिंगरीची आई घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर गणवेश शिवायची. मला उंबऱ्यात बघून तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"अरे, मुलीला पळायचंय. बँक फोडायची नाहीये."

"ताई, हलका ब्लॉक लाथेनं मागे सरकतो," मामा म्हणाले. "हा सरकायच्या आधी मैदान सरकेल."

आता सरांची ओळख करून देतो. सर म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. अंगानं काटकुळे, स्वभावानं नेमके. मोजल्याशिवाय ते काही करत नसत. जिना चढतानाही पायऱ्या मोजायचे, आणि त्या रोज तितक्याच निघाल्या की समाधानानं मान डोलवायचे. माझ्या पाट्या कुठे बसवायच्या हे ठरवायला त्यांनी स्वतःची पद्धत काढली. ते डाव्या पायातला कॅनव्हासचा बूट काढायचे, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहायचे, आणि सुरुवातीच्या रेषेपासून बुटामागे बूट ठेवत मोजायचे. वर्षभर बोटभर इकडे, बोटभर तिकडे चाललं. भिंगरीची उंची वाढायची थांबली तेव्हा माप कायमचं ठरलं. पुढची पाटी दोन बूट, मागची पाटी तीन बूट. माझ्या अंगावर ते पाचव्या आणि दहाव्या खाचेत बसायचं.

पहिली शर्यत मात्र मी तयार झाल्यावर महिन्याभरातच, शाळेच्याच मैदानावर झाली. सरांनी भिंगरीला बजावलं होतं, "रेषा आली म्हणून वेग कमी करायचा नाही. पुढे पळत राहायचं." पिस्तूल नव्हतं, शिपाईकाकांनी थाळी वाजवली. तिनं मला अशी लाथ मारली की मी धन्य झालो. मग टाळ्या ऐकू आल्या. मग टाळ्या थांबल्या आणि आरडाओरडा ऐकू आला. ती रेषा ओलांडून, मैदान ओलांडून शाळेच्या बाहेर निघून गेली होती. एरवी फाटकाशी अडली असती. पण नवं फाटक अजून बसलं नव्हतं, आणि जुनं फाटक म्हणजे मीच. सर सायकल घेऊन मागे गेले. ती बसथांब्यापाशी सापडली.

"इतक्या लांब कशाला आलीस?" सरांनी विचारलं.

"थांब कोणी म्हणालंच नाही," ती म्हणाली.

त्यानंतरची पाच वर्षं मजेत गेली. भिंगरी शाळांच्या स्पर्धेत जिंकली, विभागात जिंकली, मग राज्यात जिंकली. मोठ्या स्पर्धांत घरचा ब्लॉक चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिथे सगळ्यांना अॅल्युमिनियमचे ब्लॉक देतात. चंदेरी, सडपातळ, एका हातानं उचलता येतील असे. मी बाहेरच्या सरावाच्या मैदानावर, सामानाच्या पिशव्यांशेजारी. पण मला दगा देणं भिंगरीला जमलं नाही. शर्यतीआधीच्या शेवटच्या दोन उड्या ती माझ्यावरूनच मारायची.

मोठ्या स्पर्धांचा आणखी एक नियम होता. प्रशिक्षकानं ट्रॅकवर पाऊल ठेवायचं नाही. मग माप कोण घेणार? सरांनी यावर क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी डावा बूट काढून भिंगरीच्या हातात दिला. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीत बाकीच्या मुली हात हलवत ट्रॅकवर यायच्या आणि आमची भिंगरी काखेत एक मळका पुरुषी बूट घेऊन यायची. ती शांतपणे दोन बूट, तीन बूट मोजायची आणि बूट मागे नीट ठेवून द्यायची. वर प्रेक्षकांत सर एका पायात मोजा घालून बसलेले असत. वर्तमानपत्रवाल्यांना वाटलं, हा शुभशकुन असेल. त्यांनी बुटाचा फोटो छापला. बुटाचा! माझा नाही. हे मी फक्त नोंद म्हणून सांगतोय.

आता गोष्ट बिघडते, आणि ती बिघडली कौतुकामुळे. भिंगरी राज्यात पहिली आली तेव्हा शाळेनं सरांचा सत्कार केला. शिक्षकखोलीतल्या सगळ्यांनी मिळून त्यांना नवे बूट भेट दिले. काळे, कातडी, आणि टोक इतकं लांब की सर वळायचे तेव्हा बूट आधी वळायचा आणि सर मागून यायचे. मैदानावर असले बूट घालायचे नसतात, हे सरांना कळत होतं. पण मुख्याध्यापिकाबाई रोज सकाळी त्यांच्या पायांकडे बघून "आवडले ना?" असं विचारायच्या. सर पडले भिडस्त. जुने कॅनव्हासचे बूट घरी गेले, आणि सर टोकदार पायांनी मैदानावर येऊ लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी नवा डावा बूट काढला, बगळा झाला, रेषेपासून मोजलं. दोन बूट. तीन बूट. पुढची पाटी सहाव्या खाचेत गेली. मागची बाराव्यात.

मित्रांनो, त्या खाचांमध्ये कधी कोणी पाटी बसवली नव्हती. मला तर कोणी भलत्याच खोलीत नेऊन बसवल्यासारखं झालं. मी ओरडायचा प्रयत्न केला. पण लोखंडाला फार तर कर्र करता येतं. सरांनी तेलाचे दोन थेंब टाकले आणि माझं तेवढं बोलणंही बंद केलं.

भिंगरीची पहिली दोन पावलं अडखळू लागली. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिली दोन पावलं गेली की पुढे रडत पळायचं असतं. एका साध्या स्पर्धेत ती चौथी आली. मग राष्ट्रीय स्पर्धेत, काखेत काळाकुळकुळीत टोकदार बूट घेऊन, सहावी. "भिंगरी थांबली" असा मथळा छापून आला. मग प्रत्येकानं आपापलं कारण काढलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. आई म्हणाली, झोप कमी आहे. सर म्हणाले, लक्ष कमी आहे, आणि त्यांनी तिला रोज वीस मिनिटं झाडाच्या एकाच पानाकडे बघत बसवलं. तिसऱ्या दिवशी ते पान गळून पडलं. मामांनी सगळा दोष अॅल्युमिनियमला दिला.

"पत्र्याच्या डब्याला लाथ मारून कोणी पळतं का?"

मामा चुकत होते हे मला माहीत होतं, पण ऐकायला बरं वाटलं.

खरं कारण फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरे भिंगरीचे पाय. पायांनी ते तिला सांगितलंही होतं. एका सकाळी ती माझ्यावरून उठून उभी राहिली.

"सर, लांब लांब वाटतंय."

"काय लांब?"

"पाट्या. पाय पोचतात, पण जोर लागत नाही."

सरांनी लगेच बूट काढला. तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा मोजलं. "हे बघ, दोन बूट. हे बघ, तीन. पाच वर्षांचं माप आहे. कुठे लांब आहे, दाखव."

भिंगरीनं बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मग मलाच तसं वाटत असेल," ती म्हणाली.

पाच वर्षं मी तिच्या लाथा खाल्ल्या, एकही लागली नव्हती. हे वाक्य मात्र लागलं. इतक्या गुणी मुलीनं स्वतःच्या पायांवर अविश्वास दाखवावा आणि कातड्याच्या बुटावर विश्वास ठेवावा, याचं मला फार वाईट वाटलं. सरांचा मला रागही येईना. ते बिचारे खरंच मोजत होते.

देशाच्या संघाची निवडचाचणी महिन्यावर आली होती. भिंगरीनं आईला सांगून टाकलं, "यात नाही जमलं तर पुरे. तुझ्या दुसऱ्या मशीनवर बसेन." आईनं कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनवरचं कापड काढलं, धूळ पुसली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि कापड पुन्हा घालून टाकलं. हे मी स्वतः पाहिलं, कारण त्या दिवसांत भिंगरी मला मैदानावर ठेवतच नसे. रोज चौदा किलो उचलून घरी न्यायची आणि सकाळी परत आणायची. का, ते तिलाच ठाऊक.

चाचणीला दहा दिवस उरले होते. सकाळच्या सरावात ती पुन्हा अडखळली. चार वेळा अडखळली. पाचव्या वेळी मागे आली आणि तिनं रागानं मला अशी लाथ हाणली की मागच्या पाटीचा बोल्ट तुटला. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. सर थोड्या अंतरावर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले. त्यांना रडणं मोजता येत नव्हतं.

मामांना निरोप गेला. ते हत्यारांची पेटी घेऊन आले. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा वर केला, खाली केला. मग दांड्यावरून अंगठा फिरवला.

"सर, ही पाटी इथे कोणी बसवली?"

"मीच. का?"

"चुकीच्या खाचेत आहे."

"शक्य नाही," सर म्हणाले. "मोजून बसवलीय."

"हे बघा." मामांनी सरांना खाली बसवलं. "ही पाचवी खाच. रंग पार गेलाय, लोखंड नाण्यासारखं चमकतंय. ही दहावी, तीही तशीच. हिची जागा इथे आहे. आणि ही बारावी. आत माझा हिरवा रंग अजून आहे. इथे पाटी बसतच नव्हती. अलीकडेच कोणीतरी आणून बसवलीय."

"पण मी रोज मोजतो. दोन बूट आणि तीन बूट!"

"कोणते बूट?" मामांनी विचारलं.

सरांनी खाली पाहिलं. मामांनी पाहिलं. भिंगरीनं डोळे पुसत पाहिलं. बूट आपला उन्हात छान चमकत होता.

मग भिंगरीच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, पुन्हा रडतेय. ती हसत होती. पोट धरून, मातीत लोळून हसत होती. मामाही हसायला लागले. सर मात्र एक-एक बूट काढून, हातात धरून, मोजे घातलेल्या पायांनी मैदानाबाहेर चालायला लागले.

ते घरी गेले होते, जुना बूट आणायला. तिथे नवाच घोळ. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, उजवा बूट टाकून दिला होता आणि डाव्यात माती भरून सदाफुली लावली होती.

"अहो, फुलं आलीत आता. झाड हलवायचं नाही," काकूंनी ठणकावलं.

"माप घ्यायचंय."

"मग झाडासकट घ्या. मी येते बरोबर."

अशा रीतीनं अर्ध्या तासानं सर, काकू आणि एक फुललेला बूट मैदानावर आले. सर गुडघ्यांवर बसले आणि सदाफुली सांभाळत मोजू लागले. दोन बूट. पाटी ना पाचव्या खाचेत बसेना, ना सहाव्या. पुन्हा मोजलं, थोडी माती सांडली, काकू ओरडल्या. वर्षभर पाणी पिऊन तो कॅनव्हासचा बूट फुगला होता. त्याचं जुनं माप आता त्यालाही आठवत नव्हतं.

सर तिथेच बसले. "भिंगरे, तू दुसरे सर बघ," ते म्हणाले. "सगळं मोजत राहिलो आणि वर्षभर तुला चुकीचं बसवलं. तू सांगत होतीस. मी बूट दाखवला."

मामांनी खिशातून पोलादी टेप काढून पुढे केला. तो टेप पाच वर्षं त्यांच्या खिशात होता. कोणी मागितला नव्हता म्हणून त्यांनी दिला नव्हता. पण सरांनी तो घेतला नाही. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि पाच वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुझ्या पायांना काय वाटतं?"

भिंगरीनं पळायचे खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स, काढले. मामांनी नवा बोल्ट घालून पाट्या पाचव्या आणि दहाव्या खाचेत बसवल्या. तिनं अनवाणी पाय माझ्यावर ठेवले, डोळे मिटले, आणि मला तिचा जोर ओळखू आला. अगदी जुना, आपला. मग ती उठली आणि रेषेपासून टाचेला अंगठा लावत स्वतःची पावलं मोजली. पुढची पाटी दोन पावलं आणि चार बोटं. मागची तीन पावलं आणि सहा बोटं.

"झालं की! हे तर तुझ्या पायांतच आहे," मामा म्हणाले. "मग इतकी वर्षं तो बूट कशाला वाहत होतीस?"

"सरांचा होता ना," भिंगरी म्हणाली.

सरांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

चाचणीच्या दिवशी ती रिकाम्या हातांनी ट्रॅकवर गेली. मी नेहमीप्रमाणे बाहेर, सरावाच्या मैदानावर. मामांना शर्यत बघवेना म्हणून तेही बाहेर थांबले आणि चक्क माझ्यावर बसले. ती शर्यत मी मामांच्या बुडावरून अनुभवली. "ऑन युवर मार्क्स" ऐकू आलं तेव्हा मामा थरथरू लागले. "सेट" म्हटल्यावर थरथरणं थांबलं, श्वासही थांबला. पिस्तूल वाजलं तसे मामा एक फूट वर उडाले आणि पुन्हा माझ्यावर आदळले. त्यांनी कानांत बोटं घातली. आत हजारो माणसं ओरडत होती. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांबलचक साडेअकरा सेकंद होते ते.

मग सर कुंपणावरून येताना दिसले. येताना म्हणजे पडताना. धापा टाकत ते समोर उभे राहिले. त्यांनी एक बोट वर केलं.

"एक काय?" मामा किंचाळले. "एका पावलानं हुकली का?"

सरांनी मान हलवली, बोट तसंच ठेवलं.

"एक सेकंद? एक काय, सर? बोला की!"

"पहिली!" सर म्हणाले, आणि मामांच्या गळ्यात पडले. दोघंही माझ्यावरच कोसळले. मी चौदा किलोंचा का आहे, ते त्या दिवशी कळलं.

पुढची अकरा वर्षं देशात भिंगरीच्या पुढे कोणी नव्हतं. ती विमानानं गेली, दूरदूरच्या देशांत धावली, पदकं आणली. टपालाच्या तिकिटावर येईल अशी अफवा होती. आली नाही, पण मामांनी महिनाभर कोणाला पत्र पाठवलं नाही, तिकिटाची वाट बघत. मी मात्र शाळेत परत आलो. विमानात चौदा किलो कोण नेणार? काही वर्षं माझ्यावर मुलं शिकली. मग शाळेनं अॅल्युमिनियमचे ब्लॉक आणले आणि मी कामाला लागलो, म्हणजे इतर कामांना. वाऱ्यानं चटई उडू नये म्हणून चटईवर. जाळी पडू नये म्हणून जाळीच्या खांबाशी. शेवटी दार आपटू नये म्हणून दाराशी. एका पावसाळ्यात एका बेडकानं माझ्या मागच्या पाटीखाली संसार मांडला. बेडूक सज्जन होता, पण उड्या मारण्याबद्दल त्याची मतं फार होती.

सगळ्यांची धाव कधीतरी मंदावते. एकतिसाव्या वर्षी भिंगरी एका एकोणीस वर्षांच्या मुलीकडून हरली. तिनं त्या मुलीला मिठी मारली, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्पाइक्स काढून ठेवले. गेल्या जूनमध्ये ती या शाळेत प्रशिक्षक म्हणून रुजू झाली. खोलीत शिरली आणि पहिल्याच पावलाला तिची करंगळी मला लागली. तीही नाही नाही ते बोलली. मग खाली बघून मला ओळखलं आणि उचलून उन्हात घेऊन गेली. मामांना बोलावलं. त्यांचे आता हात थोडे कापतात, पण गंज त्यांनी स्वतःच काढला. आताच्या मुख्याध्यापिकाबाईंना मला सोनेरी रंग देऊन काचेत ठेवायचं होतं. भिंगरी म्हणाली, "बाई, रंग नको. तेल द्या आणि मुलींना द्या."

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. जुन्या वस्तूला काचेत घालू नका, कामाला लावा. पावसात बाहेर विसरू नका. महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब पुरतात, त्याहून जास्त मी मागत नाही. आणि जो ज्या वस्तूवर पाय ठेवून उभा आहे, त्याला त्याच्या पायांबद्दल विचारत जा. आम्ही वस्तू बोलू शकत नाही. माणसं बोलू शकतात, पण विचारल्याशिवाय बोलायची त्यांनाही सवय नसते.

आज सकाळचंच सांगतो. नवीन मुलींची पहिली तुकडी आली. त्यातली सगळ्यात लहान, दोन वेण्यांची, माझ्यावर ओणवी झाली. तिचे पाय जेमतेम पाट्यांना टेकत होते. भिंगरी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"कसं वाटतंय पायांना? पुढे घेऊ का मागे?"

मुलगी गोंधळली. हे आपल्याला विचारलं जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं, सरळ पाहिलं, एक पाय उचलून पुन्हा टेकवला, मग दुसरा.

"थांबा हं, ताई," ती म्हणाली, "बघून सांगते."

"सावकाश बघ," भिंगरी म्हणाली. मागे रांगेतल्या मुली चुळबुळ करायला लागल्या, ऊन वर आलं, तास संपत आला. दोन वेण्यांची ती मुलगी डोळे मिटून विचार करत होती. आणि देशातली सगळ्यात वेगवान बाई मातीत गुडघे टेकून तिची वाट बघत बसली होती.